दोन तास एकोणपन्नास मिनिटं

आर्व्हिड कोस्केलाला या व्यवहारात निव्वळ फायदा होणार होता तो एकोणसत्तर तास अकरा मिनिटांचा. मिनेसोटाच्या उत्तर टोकाच्या कालेवा फॉल्सपासून मेन राज्याच्या उत्तर टोकाच्या सेंट ओमेरपर्यंत मोटारीने जायचं म्हणजे तीन दिवस लागतात, असं त्याची बायको मार्लिस म्हणत होती. तीन दिवस म्हणजे बहात्तर तास. त्यातून विमानाचे दोन तास एकोणपन्नास मिनिटं वजा केली, की उरले एकोणसत्तर तास अकरा मिनिटं. आता बहात्तर वर्षांच्या निवृत्त माणसाच्या हाती एकदम एवढा वेळ आला, तर तो त्याचं करणार काय, असं मार्लिसने विचारलं होतं. आर्व्हिडने तो प्रश्न किरकोळ म्हणून बाजूला ठेवला. वेळ आधी वाचवायचा असतो. त्याचं काय करायचं ते मागाहून बघता येतं.

हा दोन तास एकोणपन्नास मिनिटांचा आकडा त्याला गावच्या वाचनालयातल्या संगणकावर सापडला. तिथे एक असं पान होतं की त्यात जगातल्या कुठल्याही दोन विमानतळांची नावं भरावीत, की ते नकाशावर एक सुरेख कमान काढून दाखवी, कमानीवर एक चिमुकलं विमान ठेवी आणि खाली अंतर नि उड्डाणाचा वेळ छापी. अंतर अकराशे अठ्ठावन्न मैल. वेळ वर सांगितला तो. आर्व्हिडने तो कागद छापून घेतला, चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि आठवडाभर भेटेल त्याला उलगडून दाखवला.

आकड्यावर त्याचा विश्वास बसणं साहजिक होतं. एकतीस वर्षं त्याने लोखंडाच्या खाणीवर हजेरी मांडली होती. सात वाजून तीन मिनिटांनी आलेला माणूस त्याच्या वहीत सात वाजून तीन मिनिटांनीच यायचा. मग त्याच्या घरी बाळंतपण असो की चुलीने पेट घेतलेला असो. अशा माणसाला छापील मिनिटं दाखवली, की तो ती खरीच मानणार.

पण खरी गोष्ट वेळ वाचवण्याची नव्हतीच. खरी गोष्ट बाळाची होती.

आर्व्हिडची एकुलती एक मुलगी कायसा चार वर्षांपूर्वी सेंट ओमेरच्या बटाटेवाल्या थिबोडोंच्या घरात पडली. लग्नाला आर्व्हिड मोटारीने निघाला, मधे कॅनडात गाडीने दम सोडला, आणि तो पोचला तेव्हा केकचा शेवटचा तुकडा राहिला होता. वेदीपर्यंत मुलीला बापाने न्यायचं असतं. तिला कुणी नेलं? तर तिच्या सासऱ्याने, ऑरेल थिबोडोने. फोटोत ऑरेल असा काही हसतोय, की जणू मुलगी त्याचीच आणि जावई बाजारातून आणलेला. तो फोटो कोस्केलांच्या दिवाणखान्यात आहे. आर्व्हिड त्याच्याकडे पाठ करून बसतो.

आता कायसाला मुलगा झाला होता. सात महिन्यांचा, एमिल नावाचा. रविवारी अकरा वाजता चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा. कोस्केलांच्या घरात पहिल्या नातवाला आईच्या बापाने हातात धरायचं. थिबोडोंच्या घरात बापाच्या बापाने. कायसाने निकाल दिला होता, पण निकालाला अट होती.

"बाबा, तुम्ही धरा," ती फोनवर म्हणाली. "पण अकरा म्हणजे अकरा. या वेळी पण उशीर केलात तर ऑरेल धरतील, आणि मी एक शब्द ऐकून घेणार नाही."

"दोन तास एकोणपन्नास मिनिटं," आर्व्हिड म्हणाला. "शनिवारी सकाळी निघेन, तुझ्याकडे जेवायलाच येईन."

"काय दोन तास?"

"येईन तेव्हा सांगेन," असं म्हणून त्याने फोन ठेवला. एवढा आनंद त्याला खाणीतून सुटल्यावरही झाला नव्हता.

त्याआधीच्या शनिवारी संध्याकाळी शेजारचा रूडी प्रेबिल रिवाजाप्रमाणे सौनाला आला. सौना म्हणजे परसातली लाकडी वाफेची खोली. तापलेल्या दगडांवर पाणी ओतायचं आणि घामाच्या धारांत बसून एकमेकांना सल्ले द्यायचे. कालेवा फॉल्समध्ये सगळे महत्त्वाचे निर्णय असेच होतात, कारण अंगावर काही नसलेला माणूस फार वेळ वाद घालू शकत नाही. रूडीने चाळीस वर्षं मालमोटार चालवली होती, त्यामुळे जमिनीवरून जाण्याचा अधिकार तो स्वतःकडे राखून होता.

त्याने कागद ओल्या हाताने धरला. "बरं. हे विमान कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे?"

"कंपनी कुठली? निघतं किती वाजता?"

"ते कागदावर नाही."

"मग कागदावर आहे काय?"

"अंतर. आणि वेळ."

रूडीने दगडांवर एक डाव पाणी टाकलं. वाफ उसळली. "आर्व्हिड, मी तुला सांगतो, माझ्या घरापासून चंद्र किती लांब आहे ते पण कुठेतरी छापलेलं असेल. म्हणून मी काय डबा बांधून बसू?"

"चंद्रावर विमानतळ नाही. सेंट ओमेरला आहे."

"आणि तिकडचं घड्याळ आपल्यापुढे एक तास आहे, ते धरलंस का?"

ते आर्व्हिडने धरलं नव्हतं. एकतीस वर्षं मिनिटांची पहारेदारी केलेल्या माणसाच्या हिशेबातून सबंध एक तास निसटला होता, आणि तो एका मालमोटारवाल्याने, तोही कपड्यांशिवाय, पकडला होता. आर्व्हिडने आणखी दोन डाव पाणी टाकलं. रूडीला बाहेर पळावं लागेल इतकं.

बाहेर मार्लिस कॉफी घेऊन उभी होती. इथे आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कॉफी विचारली, की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारली, की आत्ताच घेतली म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारली, की बरं, अर्धा कप द्या, आणि मग तीन कप प्यायची. पहिल्याच हाकेला कप उचलणाऱ्या माणसाला आईबापांनी वळण लावलं नाही असं धरतात. विचारणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, त्यामुळे तो तीनदा विचारल्याशिवाय किटली खाली ठेवत नाही. रूडीने दोनदा नाकारली, तिसऱ्यांदा घेतली, आणि अर्ध्या तासाने उठताना म्हणाला, "मोटारीने जा. गुरुवारी निघ. माझी गाडी ने, हवं तर."

"नको," आर्व्हिड म्हणाला.

रूडीने पुन्हा विचारलं. आर्व्हिड पुन्हा नको म्हणाला. तिसऱ्यांदाही तो नकोच म्हणाला, आणि ही फारच गंभीर गोष्ट होती.

सोमवारी तो विमानतळावर तिकीट काढायला गेला. कालेवा फॉल्सचा विमानतळ म्हणजे एक खोली, एक वजनकाटा आणि वांडा. वांडा तिकीट देते, सामान तोलते, तेच सामान बाहेर नेऊन विमानात चढवते आणि मग कानावर टोपी घालून विमानाला हात दाखवते. तिने कागद वाचला, चष्मा काढून पुसला, परत वाचला.

"कागद अगदी बरोबर आहे, आर्व्हिड. अंतर एवढंच आहे, वेळही एवढाच लागेल. फक्त तिकडे जाणारं विमान नाही."

"हे काढलंय ना त्यांनी. हे काय कमानीवर?"

"ते चित्र आहे." वांडा समजुतीच्या सुरात म्हणाली. "हे बघा, एकोणीस वर्षं मी इथे आहे. इथून सेंट ओमेरला सरळ जाऊ इच्छिणारे तुम्ही पहिलेच. एका माणसासाठी विमान ठेवतील का? इथून मिनियापोलिस, तिथून बोस्टन, तिथून नऊ आसनी विमानाने सेंट ओमेर. सकाळी सातला निघाल, तिकडच्या पाच वाजून पाचला पोचाल."

मिनियापोलिस कालेवा फॉल्सच्या दक्षिणेला एकशे सत्तर मैल. सेंट ओमेर पूर्वेला. बोस्टनहून पुन्हा उत्तरेला तीनशे तीस मैल. म्हणजे स्वयंपाकघरातून माजघरात जायला आधी वेशीबाहेर जायचं, मग शेजारच्या गावाला वळसा घालायचा. आर्व्हिडने काउंटरवरच कागदाच्या मागे बेरीज केली. सोळाशे वीस मैल. नऊ तास पाच मिनिटं. बहात्तरातून वजा जाता बासष्ट तास पंचावन्न मिनिटं. घटला होता, पण नफा तो नफाच.

घरी मार्लिस म्हणाली, "अजून वेळ गेलेली नाही. गुरुवारी गाडीने निघू. वाटेत माझ्या बहिणीकडे मुक्काम करू."

"बासष्ट तास पंचावन्न मिनिटं," आर्व्हिड म्हणाला. खरं म्हणजे तो कागद तोवर गावातल्या इतक्या लोकांना दाखवून झाला होता, की आता मोटारीने जाणं म्हणजे त्या सगळ्यांना पुन्हा घरोघर भेटून माफी मागण्यासारखं होतं. शिवाय गुरुवारी वाटेत मुक्काम म्हणजे मेव्हणीकडे मुक्काम. बासष्ट तासांत ही बचत त्याने मांडलीसुद्धा नव्हती.

शनिवारी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी दोघं घराबाहेर पडली. सुटकेसमध्ये बाप्तिस्म्याचा पांढरा झगा होता. त्यात आर्व्हिडच्या बापापासून कायसापर्यंत सगळ्यांचे बाप्तिस्मे झाले होते. हातात खोका होता, त्यात मार्लिसने वेणी घालून भाजलेले वेलदोड्याचे चार पाव. वांडाने सुटकेसवर थेट सेंट ओमेरची चिठ्ठी लावली. मिनियापोलिसपर्यंत सगळं मिनिटाबरहुकूम झालं. आर्व्हिडने मार्लिसकडे अशा नजरेने पाहिलं, की विमान त्यानेच चालवलं असावं.

बोस्टनचं विमान साडेनऊला निघायचं. साडेनऊला कळलं की पूर्वेकडे गडगडाट आहे, थांबा. दहाला कळलं की गडगडाट गेला पण वैमानिक दुसऱ्या विमानात आहे, थांबा. साडेदहाला वैमानिक आला, तर तोवर विमानात चढायचं दार बदललं होतं, आणि एकशे ऐंशी माणसं पिशव्या उचलून विमानतळाच्या दुसऱ्या टोकाला चालत गेली. आर्व्हिडच्या शेजारी बसलेल्या बाईने त्याला तिच्या मणक्याची सगळी हकिकत सांगितली. दुसऱ्या बाजूच्या गृहस्थाने सांगितलं, की आपण नेहमी सकाळचं पहिलं विमान घेतो. "हे सकाळचं पहिलंच होतं," आर्व्हिड म्हणाला. "मग आदल्या दिवशीचं घ्यायला हवं होतं," गृहस्थ म्हणाला. अकरा वाजून पाच मिनिटांनी विमान उडालं. मार्लिस खिडकीला डोकं टेकून झोपली.

बोस्टनला उतरले तेव्हा तिथल्या घड्याळात तीनला पाच कमी. सेंट ओमेरचं नऊ आसनी विमान तीन चाळीसला. दोघं बहात्तर वर्षांच्या माणसांना शोभेल अशा वेगाने धावली. काउंटरपाशी पोचेपर्यंत तीन दहा. मार्लिस म्हणाली, "मी बाथरूमला जाऊन येते. तू बघ," आणि गेली. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिने केलेली ही सर्वात महागडी चूक.

काउंटरवरची बाई तडफदार होती. तिने नावं टाकली. "कोस्केला, दोघं. तुमचं विमान उशिरा आलं म्हणून यंत्राने तुम्हाला उद्या साडेदहाच्या विमानात टाकलंय. पण सर, आजच्या विमानात दोन जागा आहेत अजून. तुमच्याच. देऊ का?"

आता आर्व्हिडच्या मनात हो होतं. पोटात हो होतं, धावून दुखणाऱ्या गुडघ्यातही हो होतं. पण तोंड त्याचं कालेवा फॉल्सचं होतं.

"नको नको," तो म्हणाला. "आमच्यासाठी कशाला एवढा त्रास."

बाईने मान वर केली. "नक्की?"

"नाही, खरंच. आमचं काय, आम्ही म्हातारी माणसं. कुणाला गरज असेल त्याला द्या."

हे झालं दोनदा. आर्व्हिड टोपी हातात घेऊन, चेहऱ्यावर सौम्य हसू ठेवून, तिसऱ्या विचारण्याची वाट पाहत उभा राहिला.

"फार छान," बाई म्हणाली. "पुढचे!"

पुढचे म्हणजे मासेमारीच्या काठ्या घेतलेलं एक जोडपं. "दोन जागा आहेत, देऊ?" "द्या!" ते दोघं एका सुरात म्हणाले. पहिल्या हाकेला. आईबापांनी कसलंही वळण लावलेलं नव्हतं. काठ्या, पिशव्या आणि तिकिटं घेऊन ते दारातून गेलेसुद्धा.

मार्लिस आली तेव्हा आर्व्हिड अजून काउंटरपाशी उभा होता.

"काय म्हणाली?"

"दोन जागा आहेत म्हणाली."

"मग? मिळाल्या?"

"मी म्हटलं, त्रास घेऊ नका."

मार्लिसने डोळे मिटले. "आर्व्हिड. तू बोस्टनमध्ये तिला नको म्हणालास?"

"दोनदाच म्हणालो! तिने तिसऱ्यांदा विचारलंच नाही. मी उभा होतो ना इथे."

"इथे एकदाच विचारतात."

"मग ते कुठे लिहून तरी ठेवायचं," आर्व्हिड म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. मार्लिस काउंटरकडे धावली. दार बंद झालं होतं. काचेतून छोटं विमान वळताना दिसलं. खिडकीत मासेमारीच्या टोपीतला माणूस होता, आणि तो त्यांना ओळखून आभाराचा हात हलवत होता. आर्व्हिडने हात हलवला. नाही हलवला तर बरं दिसलं नसतं.

फोन त्यानेच केला. एवढं तरी त्याला करायचं होतं.

"उद्या साडेदहाला निघतं," तो म्हणाला. "बाराला पोचेल."

पलीकडे फोनवर कायसा होती. मागे एमिलचं बोबडं ओरडणं ऐकू येत होतं. "बाबा, लोकांना अकराची वेळ दिलीय. चौऱ्याऐंशी माणसं. पाद्रीबुवांना दुपारी दुसऱ्या गावी जायचंय."

"मला माहीत आहे."

"तुम्ही म्हणाला होतात, दोन तास..."

"हो. म्हणालो होतो."

"मग ऑरेल धरतील."

"धरू दे," आर्व्हिड म्हणाला. हे दोन शब्द बोलायला त्याला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात कालेवा फॉल्सहून मिनियापोलिस आलं असतं.

संध्याकाळी सहाला पुन्हा फोन आला. ऑरेल दोघांना आणायला विमानतळावर गेला होता, कारण त्याला कुणी कळवलंच नव्हतं. त्याला माणसं मिळाली नाहीत, सुटकेस मिळाली. सुटकेसने आर्व्हिडच्या कुठल्याही शिष्टाचारात भाग घेतला नव्हता. ती सरळ विमानात बसून ठरल्या मिनिटाला पोचली होती. झगा इस्त्री होऊन टांगलाही होता. रात्र विमानतळाजवळच्या हॉटेलात गेली. तिच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की ती गेली.

रविवारी सकाळी कळलं की नऊ आसनी विमानात माणसांनाही तोलतात. सामानाच्या काट्यावर एकेकाने उभं राहायचं, आणि बाई आकडा मोठ्याने वाचून दुसऱ्या बाईला सांगते. मार्लिसचा आकडा वाचला गेला तेव्हा आर्व्हिड नवऱ्याच्या कर्तव्याने छताकडे बघत होता. त्याचा स्वतःचा आकडा वाचला गेला तेव्हा मागून कुणीतरी "बापरे" म्हणालं. बेरीज झाली आणि विमान सात पौंडांनी जड निघालं.

"कुणीतरी काहीतरी मागे ठेवा," बाई म्हणाली.

बाकीच्या सगळ्यांनी आर्व्हिडच्या हातातल्या खोक्याकडे पाहिलं. वेलदोड्याचा वास सगळ्या खोलीत पसरला होता.

"इथेच खाऊन टाकूया," एका तरुण प्रवाशाने सुचवलं, आणि दोघातिघांनी माना डोलावल्या.

"खाल्लं तरी वजन तेवढंच राहतं," आर्व्हिड थकलेल्या आवाजात म्हणाला. "पाव खोक्यातून पोटात जाईल. पोट विमानातच येणार."

हे कुणालाच आधी सुचलं नव्हतं. काट्यावरच्या बाईने त्याच्याकडे आदराने पाहिलं. गेल्या दोन दिवसांत मिळालेला तेवढाच आदर. खोका मागे राहिला. मग धुकं आलं, आणि साडेदहाचं विमान अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी उडालं. बरोबर अकरा वाजता आर्व्हिडने घड्याळाकडे पाहिलं आणि मार्लिसने त्याच्या मनगटावर हात ठेवून घड्याळ झाकलं. त्या क्षणी सेंट ओमेरमध्ये ऑरेल थिबोडो बाळ हातात घेऊन वेदीपाशी उभा असणार, आणि फोटो निघत असणार. हाही दिवाणखान्यात लावावा लागणार. दुसऱ्या भिंतीवर. मग बसायचं कुठे तोंड करून?

उतरले तेव्हा एकला दहा कमी. सेंट ओमेरला भाड्याची गाडी एकच, आणि तिचा मालक रविवारी जेवल्याशिवाय गाडी काढत नाही. तो शांतपणे जेवला, हात धुतले, दोघांनाही दोन घास खाता का म्हणून विचारलं, आणि बटाट्याच्या शेतांमधून हळूहळू घेऊन निघाला.

"आता घाई नाही," आर्व्हिड म्हणाला. "संपलं असेल ते."

पण चर्चसमोर सगळ्या गाड्या उभ्या होत्या. एकही हललेली नव्हती. वेळ एक वाजून पंचवीस मिनिटं.

आत शिरल्यावर आर्व्हिडला आधी दिसली ती माणसं. चौऱ्याऐंशी माणसं, रविवारच्या कपड्यांत, बाकांवर निरनिराळ्या कोनांत कलंडलेली. काही म्हातारे झोपले होते. पोरांनी पुस्तकांचे मनोरे केले होते. पेटीवाली बाई पेटीवर कोपरं टेकून बसली होती. मागाहून कळलं की तिला येणारी सगळी गाणी दोनदा म्हणून झाली होती. पाद्रीबुवांनी दुसऱ्या गावी निरोप धाडून तिथलं काम उद्यावर ढकललं होतं. मागच्या दालनातून बीन्स आणि हॅमचा वास येत होता, तोही थंड झालेला.

आणि पुढे, पाण्याच्या दगडी भांड्यापाशी, ऑरेल उभा होता. उभा म्हणजे डुलत होता. या पायावरून त्या पायावर, सारखा. उजव्या खांद्यावर झग्यातला एमिल गाढ झोपला होता. ऑरेलचा चेहरा भिजलेल्या कागदासारखा झाला होता.

कायसा धावत आली आणि बापाच्या गळ्यात पडून कुजबुजली, "मी अकराला म्हणाले, चला, धरा. तर म्हणाले, मुलीच्या बापाची जागा आहे ती. लग्नात एकदा मी घेतली, दुसऱ्यांदा घेणार नाही. मी ओरडले, पाद्रीबुवा ओरडले. काही ऐकेनात."

"मग खाली बसायचं तरी," आर्व्हिड म्हणाला.

"बसले की एमिल उठतो. दुसऱ्या कुणी घेतला की किंचाळतो. कालपासून दात येताहेत त्याला. अकरापासून असेच उभे आहेत."

"खांद्याचं ऑपरेशन झालं होतं ना त्यांच्या? मार्चमध्ये?"

"त्याच खांद्याचं," कायसा म्हणाली.

आर्व्हिड मधल्या वाटेने पुढे गेला. चौऱ्याऐंशी माणसं त्याच्याकडे बघत होती आणि कुणाच्याच डोळ्यांत स्वागत नव्हतं. ऑरेलने त्याला पाहिलं आणि ओठ न हलवता, झोपलेल्या बाळाच्या डोक्यावरून म्हणाला, "या व्याही. प्रवास कसा झाला?"

"लांबला थोडा."

"डोक्याखाली हात घाला. आधी तो. हं. आता मी सोडतो."

एमिल एका खांद्यावरून दुसऱ्यावर आला, एकदा कुरकुरला आणि आर्व्हिडच्या कॉलरमध्ये लाळ गाळत पुन्हा झोपला. ऑरेलचा हात तसाच वाकडा हवेत राहिला. त्याने तो डाव्या हाताने धरून खाली आणला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

बाप्तिस्मा अकरा मिनिटांत उरकला. पाणी डोक्यावर पडलं तेव्हा एमिल एवढा किंचाळला, की बाकांवरचे सगळे म्हातारे जागे झाले. फोटो निघाला. फोटोत आर्व्हिडची दाढी वाढलेली आहे, शर्ट दोन दिवसांचा आहे, आणि तो हसत नाहीये. हसायला लागतं तेवढं बळ त्याच्यात उरलं नव्हतं. मात्र बाळ त्याच्या हातात आहे.

जेवायला बसल्यावर मार्लिस कायसाला पावांची हकिकत सांगू लागली. आर्व्हिड ऑरेलच्या शेजारी बसला. ऑरेल डाव्या हातात काटा धरून ताटातला हॅमचा तुकडा ढकलत होता. तुकडा ताटभर फिरत होता पण काट्यावर येत नव्हता. आर्व्हिडने ते ताट आपल्यासमोर ओढलं, सुरी घेतली आणि हॅमचे बारीक तुकडे केले, बाळाला करतात तसे. ताट परत सरकवलं. ऑरेल यंदाच्या बटाट्यांबद्दल बोलत होता. त्याने बोलणं थांबवलं नाही, एक तुकडा उचलला आणि पावसाबद्दल बोलू लागला.

थंड बीन्स चघळत आर्व्हिडने मनातल्या मनात हिशेब केला. घर ते चर्च, कालेवा फॉल्सच्या घड्याळाने एकतीस तास पंधरा मिनिटं. मोटारीचे बहात्तर धरले, तर त्याच्या नावावर अजूनही चाळीस तास पंचेचाळीस मिनिटं नफाच होता. चौऱ्याऐंशी माणसं प्रत्येकी दोन तास पंचवीस मिनिटं थांबली, म्हणजे दोनशे तीन तास. ते सेंट ओमेरने भरले. आणि त्याच दोन तास पंचवीस मिनिटांत सतरा पौंडांचं झोपलेलं पोर उभ्याने पेललं गेलं, ते सगळं एकट्या ऑरेल थिबोडोच्या उजव्या खांद्याने भरलं.